बेडूक पाणी कसा पितो?

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर पंधरा मिनिटं बोल." मी हो म्हटलं होतं. पण परवा गाडीत बसल्यावर विचार केला, की एआयबद्दल तुम्हाला रोज मोबाईलवर कुणी ना कुणी सांगतच असतं. तीस वर्षांनी आपण भेटतोय, तर मला जे मनापासून सांगायचंय तेच सांगावं. म्हणून आज मी बेडकावर बोलणार आहे. हसू नका. शेवटपर्यंत ऐका, मग हसा.

नववीतला तो तास किती जणांना आठवतो? आपले विज्ञानाचे सर एक पत्र्याचा डबा घेऊन वर्गात आले. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. आत बेडूक. रात्रभर कोरड्या डब्यात ठेवलेला, त्यामुळे जरा मलूल. सरांनी विचारलं, "बेडूक पाणी कसा पितो?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "तोंडाने!" सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेतला तराजू आणि पितळी वजनांची पेटी मागवली आणि बेडकाचं वजन केलं. मग एका ट्रेमध्ये ओला टीपकागद अंथरून त्यावर बेडूक ठेवला. आणि मागच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राला, जो आज तिसऱ्या रांगेत बसलाय, पुढे बोलावून काम दिलं : "बेडकाच्या तोंडावर नजर ठेव. उघडलं की सांग." त्याला आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसून नुसतं बघण्याचं काम मिळालं होतं, त्यामुळे त्याने ते मनापासून केलं.

बेडकाने पोट त्या ओल्या कागदाला घट्ट चिकटवलं आणि मागचे पाय पसरून बसून राहिला. मधल्या सुट्टीनंतर परत वजन केलं, तर पारड्यात आणखी वजनं टाकावी लागली. सरांनी विचारलं, "तोंड उघडलं का?" आपला मित्र म्हणाला, "नाही सर, एकदाही नाही. गळा तेवढा हलत होता." सर म्हणाले, "मग पाणी गेलं कुठून?" आणि घंटा झाली.

बेडूक पाणी कातडीतून पितो. पोटाच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मध्ये त्याची कातडी पातळ असते आणि तिथे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. तीच त्याची पाणी प्यायची जागा. हे सरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरून गेले. पुढे अकरावीला तर मी बायो सोडून बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. बेडूक कापायला नको, हेही त्यामागचं एक कारण होतं, आज कबूल करते. मग इंजिनिअरिंग, मग पुणे, मग सॉफ्टवेअर. बेडकाचा आणि माझा संबंध संपला, असं मला वाटलं.

तो परत सुरू झाला नोकरीतच. गेली दहाबारा वर्षं मी प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या उपकरणांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यात एक उपकरण असं आहे, की मधोमध कातडीचा किंवा आतड्याच्या अस्तराचा छोटा तुकडा पडद्यासारखा बसवायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना क्षारांचं पाणी भरायचं आणि त्या पडद्यातून किती वीज वाहते ते मोजायचं. या पेटीला 'उसिंग चेंबर' म्हणतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, कातडीतून वीज? ती कशी वाहील? मग वाचत गेले, आणि सरांच्या डब्यातला तो बेडूक वीस वर्षांनी माझ्या टेबलावर येऊन बसला.

गोष्ट अशी आहे. बेडूक डबक्यात बसतो. डबक्याच्या पाण्यात मीठ जवळजवळ नसतंच. बेडकाच्या रक्तात मात्र सोडिअम त्या पाण्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त असतं. म्हणजे आपली पाण्याची टाकी गच्चीवर आणि विहीर खाली, तसा प्रकार. पाणी आपोआप कातडीतून आत येत राहतं, तेच आपण परासरण म्हणून शिकलो. आत आलेलं जास्तीचं पाणी बेडूक लघवीवाटे बाहेर टाकतो, आणि त्याबरोबर थोडं मीठही जातं. असं रोज मीठ जात राहिलं तर बेडूक जगणार कसा? त्याला ते परत मिळवायला हवं, आणि तेही मीठ नसलेल्या पाण्यातून. म्हणजे विहिरीचं पाणी गच्चीवर चढवायचं. ते आपोआप चढत नाही, त्याला मोटर लागते. बेडकाची ही मोटर त्याच्या कातडीत आहे.

हे शोधून काढलं डेन्मार्कमधल्या लोकांनी. कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांना १९२० साली नोबेल मिळालं होतं. बेडूक अगदी विरळ पाण्यातूनही क्षार ओढून घेतो, हे त्यांनी १९३० च्या दशकात दाखवलं. त्यांच्याच हाताखाली काम केलेले हान्स उसिंग यांनी पुढचा प्रश्न विचारला : हे क्षार ओढणं मोजायचं कसं? त्यांनी बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये बसवला आणि दोन्हीकडे अगदी एकसारखं क्षारांचं पाणी भरलं. दोन्हीकडे सगळं सारखं असेल, तर काहीच वाहायचं कारण नाही. तरीही कातडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये विजेचा दाब दिसत होता. म्हणजे ती कातडी, बेडकापासून वेगळी केलेली असूनही, काम करत होती. सोडिअमचे कण, म्हणजे आयन, बाहेरून आत ओढत होती. सोडिअमच्या कणावर धन भार असतो, त्यामुळे कण हलला की वीज वाहिली. उसिंग आणि त्यांचे सहकारी झेराहन यांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं, की हा दाब शून्यावर आणण्यासाठी बाहेरून जेवढा प्रवाह द्यावा लागतो, तो कातडीतून आत जाणाऱ्या सोडिअमच्या निव्वळ प्रमाणाशी जुळतो. मिठाची मोजणी विजेच्या मीटरवर! इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माणसाला यापेक्षा सुंदर काय असणार?

ते दोन्हीकडचं क्षारांचं पाणी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. दवाखान्यात सलाईनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' लिहिलेलं असतं, डॉक्टर 'आरएल लावा' म्हणतात. त्यातले रिंगर म्हणजे लंडनचे सिडनी रिंगर. त्यांनी १८८० च्या दशकात बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्यासाठी कोणते क्षार लागतात ते शोधलं. आपल्या हाताला लावतात त्या बाटलीचं मूळ बेडकात आहे. ही बाटली लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

तर कातडीतली मोटर कशी चालते? कातडीच्या पेशीला दोन दारं समजा. बाहेरच्या बाजूच्या दारातून सोडिअम आत सरकतं. पेटीत त्याला ढकलावं लागत नाही, कारण पेशीच्या आत सोडिअम कमी असतं. आतल्या बाजूच्या दाराशी पंप असतो. तो तीन सोडिअम रक्ताकडे ढकलतो आणि दोन पोटॅशिअम पेशीत घेतो, आणि प्रत्येक फेरीला ऊर्जा खर्च करतो. हा पंप म्हणजे एक विकर आहे. तो १९५७ मध्ये येन्स स्कोउ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंत शोधला, आणि त्यासाठी त्यांना चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये नोबेल मिळालं. हा पंप तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे. बाहेरच्या दारासारखं दार आपल्या मूत्रपिंडात आणि फुप्फुसात आहे. अमिलोराईड नावाचं औषध ते दार बंद करतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत ते असतं, आणि प्रयोगशाळेत बेडकाच्या कातडीवर बाहेरून टाकलं की मीटरवरची रेष धाडकन खाली येते. माझं सॉफ्टवेअर नीट चालतंय की नाही, हे आम्ही त्या पडणाऱ्या रेषेवरूनच तपासायचो. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी का वाहून जातं, हे समजायलाही हीच पेटी उपयोगी पडली.

आता मूळ मुद्दा. सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडे तपासणीसाठी जुन्या नोंदींची एक फाईल आली. बेडकाची कातडी, आणि अर्ध्या वाटेवर त्यात एक कीटकनाशक टाकलेलं. पायरेथ्रॉइड गटातलं. म्हणजे आपण फवारतो त्या सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनच्या भावकीतलं. माझी अपेक्षा काय? विष टाकलं, तर रेष पडणार. माझ्या पडद्यावर रेष वर गेली. मी म्हटलं, झालं, अधिक-उण्याच्या चिन्हाचा घोळ केला आपण. दोन दिवस मी माझा कोड उपसला. काही सापडेना. शेवटी त्या प्रयोगशाळेला विचारलं, तर उत्तर आलं : तुमचा कोड बरोबर आहे. रेष वरच जाते.

मग मी त्या विषयावरचं वाचायला घेतलं. इटलीत बारी या शहरातल्या विद्यापीठात एक गट अनेक वर्षं याच पेटीत बेडकाच्या कातडीवर कीटकनाशकं आणि तणनाशकं तपासत होता. पायरेथ्रॉइडमुळे कातडीतून जाणारा आयनांचा प्रवाह वाढतो, असं त्यांना दिसलं. ॲट्राझिन या तणनाशकाने सोडिअम आत ओढणं वाढतं, असंही दिसलं. हे ॲट्राझिन आपल्याकडे मका आणि उसात वापरतात. दुसरीकडे डीडीटीच्या कुळातली जुनी द्रव्यं उलट वागतात. ती पंपाच्या विकरालाच अडवतात. म्हणजे एक विष मोटर अडवतं, दुसरं मोटर भरधाव सोडतं.

आपल्याला वाटतं, प्रवाह वाढला तर चांगलंच की, मीठ जास्त मिळालं. पण ज्यांच्या शेतावर मोटर आहे त्यांना सांगायला नको, की गरज नसताना मोटर चालत राहिली तर काय होतं. बेडूक त्याचा मिठाचा नळ स्वतः उघडतो आणि बंद करतो. त्यासाठी त्याच्या शरीरात संप्रेरकं आहेत. कोरड पडली की उघड, पाण्यात बसला की आवर. बाहेरून आलेलं रसायन त्या नळावर हात ठेवतं, तेव्हा नळ जास्त उघडला की कमी, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की नळ आता बेडकाच्या हातात राहिलेला नाही.

पेटीतला तुकडा म्हणजे डबक्यातला जिवंत बेडूक नव्हे, हे मला मान्य आहे. पेटीत टाकलेली मात्रा नाल्यात असेलच असंही नाही. पण हा बिघाड गंभीर का, हे एका वेगळ्याच कामातून कळतं. जगभर बेडकांना एका बुरशीचा रोग होतो, आणि ती बुरशी फक्त कातडीत वाढते. कातडीच्या रोगाने बेडूक मरतो कसा, हे कोडं होतं. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांवर झालेल्या अभ्यासाने ते उलगडलं. रोगी बेडकांच्या कातडीतली आयनांची वाहतूक निम्म्याहून जास्त घटली होती, रक्तातलं सोडिअम सुमारे वीस टक्के आणि पोटॅशिअम सुमारे पन्नास टक्के कमी झालं होतं, आणि शेवटी त्यांचं हृदय थांबत होतं. कातडीवर रोग आणि मृत्यू हृदय बंद पडून. मधला दुवा मीठ. तिथे कारण बुरशी होती, कीटकनाशक नव्हे. पण बेडकाच्या कातडीतली मोटर बिघडली की गोष्ट कुठवर जाते, ते त्यावरून दिसतं.

आणि रसायन त्या कातडीत शिरतं किती सहज! आपल्या कातडीवर वरच्या बाजूला मेलेल्या पेशींचे अनेक थर रचलेले असतात, कौलांसारखे. बेडकाच्या कातडीवर तो थर जेमतेम एका-दोन पेशींचा. बारीच्याच गटाने बेडकाची कातडी आणि डुकराच्या कानाची कातडी शेजारी ठेवून तुलना केली. डुकराची कातडी यासाठी, की ती माणसाच्या कातडीच्या बरीच जवळची आहे. ॲट्राझिन, पॅराक्वाट, ग्लायफोसेट ही तिन्ही तणनाशकं त्यांनी तपासली. बेडकाच्या कातडीतून ती कित्येक पटींनी वेगाने गेली. आपण फवारतो तेव्हा 'स्टिकर' घालतो ना, औषध पानाला चिकटावं आणि पसरावं म्हणून? ग्लायफोसेटच्या काही मिश्रणांत असंच साबणासारखं द्रव्य असतं, आणि टॅडपोलना, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांना, मूळ तणनाशकापेक्षा ते द्रव्यच जास्त घातक ठरतं.

आता आपल्या गावाचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. मृगाचा पाऊस पडला की बेडूक ओरडतात, डबक्यात अंडी घालतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्या टॅडपोलना पाय फुटतात आणि ती काठावर येतात. टॅडपोल क्षारांची देवाणघेवाण मुख्यतः कल्ल्यांतून करतो. कातडीतली सोडिअमची मोटर त्याचा बेडूक होतानाच सुरू होते. म्हणजे बेडकाच्या आयुष्यातली ही सगळ्यात नाजूक जोडणी आपल्याकडे बरोबर त्याच महिन्यांत होते, ज्या महिन्यांत पऱ्हाटीवर मावा-तुडतुड्यांसाठी फवारे सुरू होतात. आणि पावसाची सर आली की सगळं वाहून जातं नाल्यात.

आणि हा प्राणी आपलंच काम करत असतो. आपण लहान असताना, १९८७ मध्ये, भारत सरकारने बेडकाच्या पायांची निर्यात बंद केली. त्याआधी आपण जगातले मोठे निर्यातदार होतो. शेतातले बेडूक गेले की किडे वाढतात आणि किड्यांसाठी मग रसायन विकत घ्यावं लागतं, हा त्या वेळच्या चर्चेतला मोठा मुद्दा होता. पाऊस लांबला की आपण मुसळाला बेडूक बांधून धोंडी मागायला घरोघर जायचो आणि बाया त्याच्यावर तांब्याने पाणी ओतायच्या. बेडकाचं पाण्याशी नातं आहे, हे आपल्या माणसांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

आता जे सांगायचंय ते थोडं कठीण आहे.

२०१७ चा पावसाळा आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यात माझा दादाही होता. पऱ्हाटी त्याच्या खांद्यापर्यंत वाढलेली, त्यामुळे फवारा वरून अंगावर. पाठीवरचा पंप झिरपत होता. सदरा पाठीपासून कमरेपर्यंत ओला, आणि त्याच ओल्या कपड्यांनी तो संध्याकाळपर्यंत फवारत राहिला. रात्री त्याला अंधुक दिसायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ थांबेना. वहिनीने शेजारच्यांना उठवलं आणि त्याला दवाखान्यात नेलं.

मी पुण्याहून पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. मला बघून पहिलं वाक्य काय बोलला? "माह्या तोंडात त एक थेंब नाही गेला व!" तो माझी समजूत घालत होता, की त्याने काही करून घेतलेलं नाही. आपल्या भागात कुणाला विषबाधा झाली की पहिली शंका कशाची येते, ते तुम्हाला माहीत आहे. तो तेच पुन्हापुन्हा सांगत होता. तोंडात नाही गेलं. तोंडात नाही गेलं.

आणि मी त्याच्या खाटेशेजारी उभी राहून वर पाहिलं, तर सळईला आरएलची बाटली लटकत होती. मला एकदम नववीचा वर्ग आठवला. "तोंड उघडलं का?" "नाही सर, एकदाही नाही." "मग गेलं कुठून?"

तीन वर्षं मी त्या प्रश्नाच्या उत्तराचं सॉफ्टवेअर लिहीत होते. कातडीतून काय जातं, किती जातं, याचे आलेख काढत होते. आणि माझ्या सख्ख्या भावाला एकदाही फोन करून सांगितलं नव्हतं, की दादा, ओला सदरा अंगावर ठेवू नकोस. मला वाटलंच नाही, की माझ्या पडद्यावरच्या रेषेचा आणि त्याच्या पाठीचा काही संबंध आहे.

दादा वाचला. डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी फार धावपळ केली, त्यांचे उपकार आहेत. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, की माणसाची कातडी बेडकाच्या मानाने पक्की खरी, पण ती सगळीकडे सारखी नसते. हाताच्या कातडीपेक्षा कपाळाची, डोक्याची आणि जांघेतली कातडी कितीतरी जास्त शोषून घेते. घाम, ऊन आणि ओला कपडा यांनी ते आणखी वाढतं. पाठीवरचा पंप झिरपला की ओघळ कुठे जातो, याचा विचार करा.

आणखी एक कबुली. आमच्या लहानपणी बाबा फवारणी करायचे, तेव्हा नाल्यातून बादलीने पाणी आणून द्यायचं काम माझं. काम झालं की बाबा पंप त्याच नाल्यात विसळायचे. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं आणि मला ते बघायला आवडायचं. त्या नाल्यात तेव्हा रात्री बेडकांचा एवढा आवाज असायचा, की अभ्यास करताना मी खिडकी लावून घ्यायची. आता मी गावी गेले की पावसाळ्यात मुद्दाम खिडकी उघडी ठेवते. आवाज येतो, पण तो तसा नाही. याला फक्त फवारणी जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. डबकी बुजली, नाला सरळ केला, पाऊस बदलला, रोग आहेत. जगातल्या साधारण एक्केचाळीस टक्के उभयचर जाती आज धोक्यात आहेत आणि त्याला कारणं अनेक आहेत. पण जो वाटा आपल्या हातातला आहे, तो आपल्या हातातलाच आहे.

मित्रांनो, आपल्यातले निम्म्याहून जास्त जण आजही शेती करतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या बाईने तुम्हाला फवारू नका म्हणणं सोपं आहे, मी ते म्हणणार नाही. पीक हातातून जाताना काय होतं, हे मी घरात पाहिलंय. मी फक्त चार गोष्टी सांगते. पंप झिरपत असेल तर आधी दुरुस्त करा, मग पाठीवर घ्या. कपडा ओला झाला की तिथेच काम थांबवा, कपडे काढा आणि साबणाने अंग धुवा, संध्याकाळची वाट बघू नका. पंप नाल्यात किंवा विहिरीवर विसळू नका, विसळलेलं पाणी त्याच शेतात फवारून टाका. आणि नाल्याच्या काठच्या दोन-चार तासांवर फवारा मारू नका. तेवढं बेडकांना सोडा, ते तुमचे किडे खातील.

आणि पाचवी गोष्ट पोरांसाठी. आपण सगळेच त्याला 'औषध' म्हणतो. मी स्वतः या भाषणात एकदा म्हटलं. घरात निदान लहान मुलांसमोर त्याला विष म्हणूया. औषधाची भीती वाटत नाही, विषाची वाटते.

आपण आज शाळेसाठी निधी जमा करतोय. प्रोजेक्टरला माझा विरोध नाही. पण माझी विनंती आहे, की त्यातला थोडा भाग शाळेच्या प्रयोगशाळेत एक चांगला तराजू घ्यायला आणि थोडा भाग गावातल्या फवारणीच्या मजुरांसाठी हातमोजे, चष्मे आणि ॲप्रनचे संच घ्यायला ठेवावा. शेती ज्यांची आहे ते निदान विकत घेऊ शकतात. रोजाने फवारायला येणाऱ्याला कुणी विचारत नाही. माझा वाटा मी आज देऊन जाणार आहे. दादाने सांगितलंय, की संच वाटायचं काम तो करेल. तो आज तिथे मागे, दाराजवळ उभा आहे.

सर, तुम्ही समोर बसलाय म्हणून शेवटी एवढंच. त्या दिवशी घंटा झाली आणि तुमचा प्रश्न अर्धाच राहिला, असं मला नेहमी वाटायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही उत्तर सांगितलंत, आम्ही ते पाठ केलं, आणि मार्कही मिळाले. पण ते उत्तर आपल्या घरालाही लागू आहे, हे कळायला मला दवाखान्यात उभं राहावं लागलं. तुमच्या आताच्या विद्यार्थ्यांना ते वर्गातच कळावं, एवढीच इच्छा. तराजू आला की पहिलं वजन तुमच्या हातून करायचं आहे. बेडूक मी आणते, यावेळी घाबरणार नाही. फक्त वजन झालं की त्याला नाल्यावर परत सोडायचं.

तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. आता हसायला हरकत नाही.